जुनी जीपगाडी आणि घरगुती दुरुस्ती

दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत, १९४१ ते १९४५ या वर्षांत, अमेरिकेंतील टोलेडो शहराच्या विलीज-ओव्हरलँड कंपनीनें व तिच्या जोडीला फोर्ड कंपनीनें मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. ही गाडी उघड्या माळावर, मोजक्या पान्यांच्या साह्यानें दुरुस्त करतां यावी, हा तिच्या रचनेंतलाच एक हेतु होता. युद्ध संपल्यानंतर मुंबईच्या महिंद्र कंपनीनें विलीज जीपचे सुटे भाग आणून येथें त्यांची जुळणी सुरू केली. पुढें सीजे-३बी ही उंच बॉनेटची जात अमेरिकेंत १९६८ सालीं बंद पडली, तरी भारतांत ती बनतच राहिली. अशी एखादी वडिलोपार्जित जीप ताडपत्रीखालीं झांकून ठेवलेलें कुटुंब आजही आढळतें, आणि घरांतील तरुण मंडळींना ती पुन्हां चालू करण्याची हौसही असते.

ही हौस चांगली आहे. परंतु तिची सुरुवात बहुधा रुंद टायर आणि झगझगीत दिवे यांच्या खरेदीनें होते, ही गोष्ट मात्र चांगली नाहीं. जुन्या जीपेंत हात प्रथम घालावा तो ब्रेकांत. कारण असें कीं, या गाडीच्या चारही चाकांच्या ब्रेकांना दाब पुरविणारा मास्टर सिलिंडर एकच आणि त्यांतून निघणारा मार्गही एकच. पेडल दाबलें कीं त्यांतील तेल नळ्यांतून चारही ड्रमांत एकाच दाबानें पोंचतें. यांतली एक नळी जरी फुटली, तरी त्या एका चाकाचा नव्हे, तर चारही चाकांचा ब्रेक जातो. पेडल फळीला टेकतें आणि गाडी तशीच पुढें जाते. अमेरिकेंत नव्या प्रवासी मोटारींना दोन स्वतंत्र मार्गांचे ब्रेक १९६८ पासून सक्तीचे झाले, ते याच कारणानें. जुन्या जीपेंत सुधारणा म्हणून पैसा खर्चावयाचाच असेल, तर दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर आणि पुढील-मागील चाकांना वेगळ्या नळ्या, हीच पहिली सुधारणा होय. ती मात्र जाणत्या मिस्त्रीच्या देखरेखीखालींच व्हावी.

मास्टर सिलिंडर जीपेच्या फळीखालीं, चिखलाच्या व पाण्याच्या वाटेवर बसविलेला आहे. तेथें वांकून पाहण्याचा कंटाळा येतो, आणि नेमकें तेथेंच तेल झिरपत असतें. ब्रेकचें तेल हवेंतील ओलावा शोषून घेतें. त्या ओलाव्यानें सिलिंडर आंतून गंजतो, आणि उतारावर ब्रेक तापले म्हणजे त्याच पाण्याची वाफ होऊन पेडल मऊ पडतें. म्हणून दर दोन वर्षांनीं तेल बदलावें. त्या जागीं इंजिनाचें तेल चुकूनही घालूं नये. तें लागतांच आंतील रबरी वाट्या फुगतात. तेल बदलल्यावर नळ्यांतील हवा काढावी लागते. याला दोन माणसें लागतात: एकानें पेडल दाबून धरावयाचें, दुसऱ्यानें चाकापाशीं असलेला लहान स्क्रू किंचित् सैल करून बुडबुडे बाहेर पडूं द्यावयाचे, आणि स्क्रू आंवळल्यावांचून पहिल्यानें पाय उचलावयाचा नाहीं. सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकाकडून आरंभ करावा. ड्रम उघडल्यावर आंत सांचलेली धूळ तोंडानें किंवा हवेच्या नळीनें उडवूं नये. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असे आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक आहे. ओल्या फडक्यानें ती पुसून फडकें पिशवींत बांधून टाकावें. मुलांना त्या वेळीं जवळ बसूं देऊं नये, हें सांगावयास नकोच.

दुसरा धोका चाक उचलतांना असतो. बहुतेक मोटारींचा हातब्रेक मागील चाकांना लागतो. या जीपांचा हातब्रेक मात्र चाकांवर नसून गिअरपेटीच्या मागून मागील आंसाकडे जाणाऱ्या दांड्यावर आहे. दांडा जखडला तरी आंसाच्या मध्यभागीं असलेला डिफरन्शियल मोकळाच राहतो. त्यामुळें मागचें एक चाक जॅकवर अधांतरीं उचललें कीं तें उलट दिशेनें फिरूं शकतें, आणि जमिनीवरचें दुसरें चाक सुलट. म्हणजे हातब्रेक ओढलेला, गाडी गिअरमध्यें, आणि तरीही ती जॅकवरून घसरते! नव्या मोटारीची संवय असलेला माणूस येथें हमखास फसतो. जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून दगड किंवा लांकडी पाचरी लावाव्या, आणि आंसाखालीं भक्कम लोखंडी आधार दिल्याशिवाय कोणीही खालीं शिरूं नये.

विलीज जीपेच्या डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांना उलटे आटे असतात, हेंही येथेंच सांगणें बरें. हे नट ढिले होत नाहींत म्हणून लांब पाइप लावून जोर करणारे लोक बोल्टच तोडून बसतात. बोल्टाच्या टोंकावर रोमन लिपींतील एल् अक्षर दिसलें, तर पाना दुसरीकडे फिरवावा.

सुकाणूकडे वळल्यास, एका विशिष्ट वेगाला पुढचीं चाकें एकाएकीं थरथरूं लागतात, ही या जीपांची प्रसिद्ध खोड आहे. कित्येक जण चाकांचा तोल साधून गप्प बसतात. पण दोष बहुधा पुढच्या आडव्या पट्टीवर बसविलेल्या काटकोनी तरफेंत, दांड्यांच्या गोळ्यांत किंवा चाकें वळविणाऱ्या खिळ्यांच्या बेअरिंगांत असतो. एकानें स्टिअरिंग थोडें डावीं-उजवीं हलवावें आणि दुसऱ्यानें पुढून वांकून कोणता सांधा नुसताच लटपटतो तें पाहावें. पांच मिनिटांत दोष सांपडतो.

वीज आणि इंधन यांविषयीं थोडक्यांत. युद्धकाळच्या जीपा सहा व्होल्टच्या आहेत. तेवढ्याच शक्तीसाठीं त्यांच्या तारांतून बारा व्होल्टच्या मानानें दुप्पट प्रवाह वाहतो, म्हणून गंजलेला सांधा त्यांत अधिकच जाचतो. दिवे मंद वाटतात म्हणून बारा व्होल्टची भरती करण्यापूर्वीं सांगाड्याला जोडलेल्या तारांचीं टोंकें घांसून लख्ख करून पाहावीं; बहुधा तेवढ्यानेंच भागतें. पेट्रोलांत आतां इथॅनॉल मिसळलेलें असतें. २०२५ सालीं त्याचें प्रमाण २० टक्क्यांवर पोंचलें, आणि जुन्या रबरी नळ्यांना तें मानवत नाहीं. शिवाय या गाडींत पेट्रोलची टांकी चालकाच्या बैठकीच्या बरोबर खालीं आहे. तेव्हां चिरा पडलेली नळी दिसतांच नवी, इथॅनॉल सोसणारी नळी घालावी.

राहिले ते रुंद टायर. मूळ टायर सहा इंच रुंदीचा आणि इंजिन सुमारें साठ अश्वशक्तीचें. मोठा टायर घातला कीं इंजिनाला घाटांत दम लागतो, स्टिअरिंग जड होतें, वेगदर्शक कांटा खऱ्याहून कमी वेग दाखवितो, आणि मूळच्याच बेताच्या ब्रेकांवर भार वाढतो. त्यांतून १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें नोंदणीपुस्तकांत लिहिलेल्या मूळ तपशिलांशीं विसंगत बदल करतां येत नाहीं. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनीं संपते व त्यानंतर ती पांच-पांच वर्षांसाठीं नवी करून घ्यावी लागते; अशा तपासणीच्या वेळीं असे बदल आड येतात. तपासणीस जाण्याआधीं आठ दिवस तरी ब्रेकच्या नळ्या, हातब्रेक आणि स्टिअरिंगची लटपट घरीं पाहून ठेवावी, म्हणजे सांपडलेला दोष दूर करण्यास वेळ मिळतो.