प्रत्यारोपित अवयव आणि त्वचेचा कर्करोग

'प्रत्यारोपण' हा शब्द रोप लावण्याच्या क्रियेवरून घडलेला आहे. भाताचे रोप वाफ्यातून उपटून खाचरात लावले, तर ती भूमी त्यास परके म्हणून नाकारीत नाही. मानवी देहाची रीत निराळी आहे. दुसऱ्याचे मूत्रपिंड देहात बसविले की रक्तातील पांढऱ्या पेशी त्याचे परकेपण ओळखतात व त्याच्या नाशास प्रवृत्त होतात. १९५४ साली बॉस्टन येथे जोसेफ मरे यांनी केलेले मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण यशस्वी झाले, ते दाता व रोगी हे एकरूप जुळे बंधू होते म्हणून. इतरांसाठी पुढे अझाथायोप्रिन आणि १९८० नंतरच्या दशकात सायक्लोस्पोरिन ही औषधे उपयोगात आली. देहाची प्रतिकारशक्ती दडपून ठेवणे हे त्या दोहोंचेही कार्य होय.

परंतु जी शक्ती परक्या अवयवास नाकारते, तीच देहातील बिघडलेल्या पेशीही हुडकून नष्ट करीत असते. सूर्याच्या अतिनील किरणांनी त्वचेच्या पेशींतील डीएनएला नित्य इजा पोहोचते. देहाचा हा पहारा सैल पडला की अशा पेशींना वाढण्यास वाव मिळतो. अझाथायोप्रिनचा अंश तर डीएनएमध्ये शिरून त्याला अतिनील किरणांपुढे अधिकच दुर्बळ करतो.

याचा परिणाम गौरवर्णीय लोकांत विशेष दिसून आला. सामान्यतः त्यांच्यात त्वचेच्या तळच्या थरातील पेशींसारखा दिसणारा, मंद गतीचा कर्करोग अधिक आढळतो; प्रत्यारोपण झालेल्यांत हे प्रमाण उलटते आणि वरच्या शल्कपेशींचा, अधिक घातक कर्करोग पुढे येतो. नॉर्वेतील १९९९ च्या पाहणीत या दुसऱ्या प्रकाराचा धोका सामान्य लोकांच्या सुमारे ६५ पट आढळला. सूर्याचा वाटाही स्पष्ट आहे. प्रत्यारोपणानंतर वीस वर्षांनी त्वचेचा कर्करोग झालेल्यांचे प्रमाण नेदरलँड्समध्ये शेकडा ४०, तर प्रखर उन्हाच्या क्वीन्सलँडमध्ये शेकडा ७० च्या घरात दिसून आले.

भारतीयांच्या सावळ्या त्वचेतील मेलॅनिन हे द्रव्य अतिनील किरणांना बरेच अडविते. त्यामुळे येथे हा रोग विरळ आहे. तथापि तेवढ्याने निश्चिंत होणे युक्त नव्हे. कृष्णवर्णीय रोग्यांत अशा गाठी उन्हापासून झाकलेल्या भागी, विशेषतः जननेंद्रियांच्या आसपास आढळल्या असून त्यांपैकी काहींचा संबंध पॅपिलोमा विषाणूशी दिसून आला आहे. सबब केवळ चेहरा व हात पाहून भागत नाही; सर्वांगाची तपासणी आवश्यक ठरते.

उपायाचा मार्ग अरुंद आहे. औषध बंद करावे, तर मिळालेला अवयव गमावण्याचे भय. पूर्ण मात्रेत चालू ठेवावे, तर त्वचेला धोका. एकदा हा कर्करोग झालेल्या रोग्यांना सिरोलिमस हे दुसरे औषध दिल्यास नव्या गाठी कमी होतात, असे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपीय प्रयोगात दिसले. मात्र त्याच्या दुष्परिणामांमुळे अनेकांना ते सोडावे लागले. म्हणून औषधातील कोणताही फेरफार वैद्यांच्या सल्ल्यावाचून करू नये. उन्हात अंग झाकणे, न भरणारा व्रण किंवा वाढणारी खरबरीत गाठ तत्काळ दाखविणे आणि नियमित तपासणी करणे, एवढे मात्र रोग्याच्या हाती आहे. वेळीच सापडलेली गाठ बहुधा लहानशा शस्त्रक्रियेने निघून जाते आणि मिळालेला अवयवही राखता येतो.