मंडळी : इमारतीआधीची माणसे

मराठी प्रॉटेस्टंट ख्रिस्ती ‘चर्च’ला ‘मंडळी’ म्हणतात. शब्द रोजच्या बोलण्यातला, पण निवड नेमकी आहे. मूळ ग्रीक ‘एक्लेसिया’ म्हणजे बोलावल्यावरून जमलेली सभा. नव्या करारात तो शब्द इमारतीसाठी येत नाही. वसईच्या कॅथलिकांचा शब्द निराळा : ‘धर्मग्राम’. त्यात गाव आहे, हद्द आहे. एक शब्द माणसे मोजतो, दुसरा वस्ती.

एकोणिसाव्या शतकात हा केवळ शब्दार्थाचा प्रश्न नव्हता. उच्चवर्णीय घरातला कोणी बाप्तिस्मा घेई, तेव्हा त्याला बहुधा घर आणि जात दोन्ही अंतरत. मग आजारपणात उशाशी कोण बसणार, तिरडीला खांदा कोण देणार? ते मंडळीने करायचे. तिथे पूर्वाश्रमीचे ब्राह्मण, महार, मांग एकत्र आले. प्रभुभोजनाला भाकर एकच. सोयरीक जुळवताना मात्र जुनी जात पुष्कळदा डोके वर काढी.

१८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांना हे उणेपण खुपत होते. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला. ख्रिस्ताला मानणाऱ्या, पण बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही तिथे जागा होती. १९१९ मध्ये टिळक गेले. दरबार फार काळ टिकला नाही. त्यांनी विचारलेला प्रश्न मात्र टिकला : मंडळी ठरते कशावरून, वहीतल्या नावांवरून की पंगतीतल्या माणसांवरून?