आकाशांतील दृष्टि आणि भूगर्भांतील तेल

पृथ्वीभोंवतीं फिरणाऱ्या कृत्रिम उपग्रहाला जमिनीखालचें तेल दिसतें, असा एक समज आहे. तो खरा नाहीं. उपग्रहाला केवळ पृष्ठभाग दिसतो. परंतु तो नीट वाचतां आला, तर पृथ्वीच्या पोटांतील पुष्कळ गोष्टी कळतात.

इराणांतील झाग्रोस पर्वताचें उदाहरण घ्या. तेथील खडकांचे थर दाबामुळें वळकट्या पडून कमानीसारखे उभारले आहेत. तेल पाण्याहून हलकें असल्यामुळें सच्छिद्र खडकांतून वर चढतें, आणि वर अभेद्य थर असल्यास कमानीच्या माथ्याखालीं अडकून राहतें. १९०८ सालीं मस्जिद-ए-सुलेमान येथें तेल लागलें, तेव्हां जमिनीवर झिरपणारें तेल हीच मोठी खूण होती. पुढें १९७२ सालीं लँडसॅट मालिकेंतील पहिला उपग्रह उडाला, आणि ज्या कमानी पायीं हिंडून नकाशावर उतरवाव्या लागत, त्यांच्या रांगाच्या रांगा एका चित्रांत दिसूं लागल्या.

मग तेथेंच विहीर कां खणूं नये? अडचण अशी कीं, झाग्रोसच्या पुष्कळ भागांत तेलाच्या चुनखडकावर मीठ व जिप्सम यांचे मऊ थर आहेत. दाबाखालीं ते सरकतात. त्यामुळें वरची कमान खालच्या कमानीच्या नेमकी माथ्यावर असेलच असें नाहीं. केवळ चित्रावर विसंबणारा कोरड्या विहिरींत द्रव्य घालवील.

म्हणून भूभौतिक मोजणी हवी. जमिनीला हादरे देऊन त्यांचे प्रतिध्वनि किती वेळानें परततात हें मोजलें, म्हणजे थरांची खोली कळते. गुरुत्वाकर्षणांतील सूक्ष्म फरकांवरून खडकांची घनता अजमावतां येते. चित्रामुळें ही खर्चाची मोजणी कोठें करावी हें ठरतें, आणि मोजणीमुळें चित्राचा अर्थ पारखला जातो.

समुद्रावर तेलाचा तवंग बारीक लाटा शमवितो, म्हणून रडार-चित्रांत तो काळसर दिसतो. परंतु वारा पडला तरी पाणी तसेंच दिसतें! यासाठीं तोच डाग त्याच जागीं वारंवार आढळावा लागतो, आणि तळाखालीं तेल सांठण्याजोगी रचनाही असावी लागते. मुंबईच्या पश्चिमेस समुद्रांत १९७४ सालीं ‘सागर सम्राट’ या मंचावरून विहीर खणून जें तेल सांपडलें, तेथील रचना सोव्हिएट जहाजानें १९६४-६५ च्या सुमारास अशाच लहरींच्या मोजणीनें हेरली होती. तेव्हां लँडसॅट उडालाही नव्हता.

इतकें सर्व जुळलें, तरी अखेरचा निर्णय विहीर खणल्यावरच होतो. कोणी केवळ उपग्रहाचें चित्र दाखवून भांडवल मागितलें, तर जमिनीखालची मोजणी कोठें आहे, एवढा प्रश्न सुज्ञ गृहस्थानें अवश्य विचारावा.