उद्यान रेल्वे

उद्यान रेल्वे म्हणजे घराच्या परसात किंवा खासगी बागेत उघड्यावर उभारलेली लहान प्रमाणातील रेल्वे होय. घरात मांडल्या जाणाऱ्या प्रतिकृती रेल्वेपेक्षा तिची इंजिने व डबे सहसा मोठे असतात आणि तिचा लोहमार्ग ऊन, पाऊस व माती यांच्या थेट संपर्कात राहतो. त्यामुळे ती उभारताना प्रतिकृतीकलेबरोबरच पाण्याचा निचरा, धातूंचे प्रसरण आणि वनस्पतींची वाढ यांचाही विचार करावा लागतो. पुण्याच्या पेशवे उद्यानातील 'फुलराणी'सारख्या सार्वजनिक गाड्या या खासगी छंदाहून वेगळ्या आहेत.

इतिहास

इंग्लंडमध्ये आर्थर हेवूड यांनी १८७४ साली डफील्ड बँक या आपल्या घराच्या आवारात १५ इंच (३८१ मिमी) रुंदीचा लोहमार्ग बांधला. विसाव्या शतकाच्या प्रारंभी युरोपात ४५ मिमी रुंदीच्या रुळांवरील खेळण्यातील गाड्या प्रचलित झाल्या. जर्मनीतील न्यूरेंबर्ग येथील लेहमान या कंपनीने १९६८ मध्ये 'एलजीबी' ही हवामान सोसणारी गाडी बाजारात आणली. तयार रूळ आणि उघड्यावर टिकणारी इंजिने मिळू लागल्याने हा छंद सामान्य कुटुंबांपर्यंत पोहोचला.

प्रमाण आणि रुळांतील अंतर

रुळांतील अंतर (गेज) आणि प्रतिकृतीचे प्रमाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकाच ४५ मिमी मार्गावर वेगवेगळ्या प्रमाणांतील गाड्या धावू शकतात.

• १:३२ – ४५ मिमीची ३२ पट १,४४० मिमी होते. म्हणून हे प्रमाण १,४३५ मिमीच्या प्रमाण मार्गासाठी योग्य ठरते.
• १:२२.५ – हे मीटर मार्गाच्या जवळ जाते. एलजीबीने हेच प्रमाण स्वीकारले.
• १:१९ – ३२ मिमी रुळांवर हे प्रमाण दोन फुटी (६१० मिमी) मार्ग दाखवते. दार्जिलिंग आणि नेरळ–माथेरान हे डोंगरी मार्ग याच रुंदीचे आहेत.

उभारणी

मार्गाची आखणी करताना वळणे शक्य तितकी मोठी ठेवतात. एलजीबीच्या सर्वांत लहान वळणाची त्रिज्या ६०० मिमी आहे. मात्र लांब डबे अशा वळणावर बेढब दिसतात व रुळांवरून घसरण्याची शक्यता वाढते. चढ साधारणतः दोन टक्क्यांच्या आत, म्हणजे ५० मीटर लांबीत एक मीटरपर्यंत ठेवणे इष्ट असते.

मार्गासाठी सुमारे १० ते १५ सेंमी खोल चर खणून त्यात बारीक खडी भरतात. फोडलेल्या खडीचे कोनदार तुकडे एकमेकांत अडकून मार्ग धरून ठेवतात, तर नदीतील गोल गोटे सरकतात. खडीतून पाणी निचरून जाते. काळी किंवा चिकण माती भिजल्यावर फुगते व वाळल्यावर आकसते, म्हणून अशा जमिनीत निचऱ्याकडे विशेष लक्ष द्यावे लागते. काही ठिकाणी काँक्रीटचा पाया किंवा खांबांवरील फळ्या वापरतात.

रूळ बहुधा पितळी असतात. तापमान ४० अंश सेल्सिअसने वाढल्यास १० मीटर लांबीचा पितळी रूळ सुमारे ७.६ मिमीने वाढतो. सांध्यांत फट न ठेवल्यास किंवा मार्ग पायाला घट्ट जखडल्यास तो उन्हाळ्यात वाकडा होतो. खऱ्या रेल्वेलाही याच अडचणीला तोंड द्यावे लागते.

ऊर्जा

रुळांतून कमी दाबाची वीज देणे ही सर्वांत प्रचलित पद्धत आहे. तिच्यात रुळांवरील काळपट थर व कचरा वारंवार पुसावा लागतो. बॅटरी व रेडिओ नियंत्रण वापरल्यास ही गरज बरीच कमी होते. ब्यूटेन वायू, स्पिरिट किंवा कोळसा यांवर चालणारी खरी वाफेची इंजिनेही वापरली जातात.

वॉल्ट डिझ्नी यांची रेल्वे

या प्रकारातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे चित्रपटनिर्माते वॉल्ट डिझ्नी यांची 'कॅरोलवुड पॅसिफिक' ही रेल्वे होय. लॉस एंजेलिस येथील त्यांच्या घराच्या परसात १९५० मध्ये ती सुरू झाली. सुमारे ८०० मीटर लांबीच्या या मार्गावर माणसांना बसता येत असे. पत्नी लिलियन यांचा फुलांचा वाफा मोडू नये म्हणून त्याखालून सुमारे २७ मीटरचा बोगदा काढण्यात आला, आणि १:८ प्रमाणातील वाफेच्या इंजिनाला 'लिली बेल' असे त्यांचेच नाव देण्यात आले. १९५३ मध्ये एका पाहुण्याने वळणावर इंजिन वेगाने हाकल्याने ते घसरले व एक लहान मुलगी जखमी झाली. त्यानंतर डिझ्नी यांनी ही रेल्वे बंद केली. १९५५ मध्ये उघडलेल्या डिझ्नीलँडभोवती मात्र त्यांनी वाफेच्या इंजिनांची मोठी रेल्वे बांधली.

सुरक्षितता

घरगुती विजेचा पुरवठा व रोहित्र छपराखाली कोरड्या जागी ठेवून बागेत केवळ कमी दाबाची तार नेली जाते. वाफेच्या इंजिनाला सुरक्षा झडप आवश्यक असते व बाष्पकाची वेळोवेळी दाबचाचणी करतात. माणसे वाहणाऱ्या मार्गांवर वळणाआधी वेग कमी करणे महत्त्वाचे असते.

वनस्पती

झाडे गाडीच्या प्रमाणाशी जुळावीत म्हणून बारीक पानांची, सावकाश वाढणारी व छाटणी सोसणारी झुडपे निवडतात. मोठ्या वृक्षांची मुळे मार्ग उचलून धरतात आणि गळलेली पाने रूळ झाकतात. म्हणून त्यांच्यापासून मार्ग दूर ठेवला जातो.