फोटोतला वैमानिक आणि त्याचा कोट

अंगात जाड कोट, डोक्याला घट्ट कातडी टोपी, कपाळावर चढवलेला गॉगल. महायुद्धातल्या वैमानिकाचा असा फोटो आपण पुस्तकात किंवा प्रदर्शनात कधीतरी पाहिलेला असतो. मागे नाव नसते, साल नसते. मग कुणीतरी अंदाजाने खाली एक ओळ लिहितो आणि पुढच्या पिढीला तीच खरी वाटते. निम्मा चेहरा झाकलेला असताना साक्ष काढायची ती कपड्यांचीच.

मुळात हे कपडे एवढे अवजड का? दर हजार मीटर उंचीला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. खाली १५ अंशांची सुखद सकाळ असली, तरी सहा हजार मीटरवर उणे २४! त्यात पहिल्या महायुद्धातल्या विमानांत वैमानिकाची जागा उघडी, आणि वारा थेट तोंडावर. ब्रिटिश वैमानिक गालांना व्हेलची चरबी चोळत, जाड हातमोज्यांच्या आत रेशमी हातमोजे घालत. त्या सुरुवातीच्या वर्षांतल्या फोटोंत लांब कातडी कोट दिसतो. त्याच्या छातीवर एक तिरका खिसा असतो, तो नकाशा ठेवण्यासाठी. पायांत मांडीपर्यंत येणारे, आतून लोकरीचे बूट.

मग सिडनी कॉटन आला. हा ऑस्ट्रेलियन वैमानिक ब्रिटिश नौदलाच्या हवाई दलात होता. १९१६-१७ च्या हिवाळ्यात तो इंजिनाचे काम करत असताना अचानक उड्डाणाचा हुकूम आला आणि तो अंगातल्या तेलकट, मळक्या कपड्यांनिशीच वर गेला. परतल्यावर बाकीचे गारठले होते, हा मात्र ठीक! तेलाने आणि ग्रीसने कापडाची छिद्रे बुजली होती, वारा आत शिरलाच नव्हता. त्यावरून त्याने लंडनमध्ये एक सूट शिवून घेतला. आत पातळ फर, मध्ये हवा न जाऊ देणारे रेशीम, बाहेर घट्ट विणीचे कापड. ‘सिडनी’ आणि ‘कॉटन’ मिळून त्याचे नाव झाले ‘सिडकॉट’. फोटोत तो ढगळ बॉयलर सूटसारखा दिसतो. अंगावर सिडकॉट असेल तर फोटो १९१७ च्या आधीचा नाही, हे नक्की.

पण घोटाळा इथेच होतो. सिडकॉटच्या सुधारित आवृत्त्या दुसऱ्या महायुद्धातही वापरात होत्या. कपडा ‘याच्या आधीचा नाही’ एवढे सांगतो, ‘याच्या नंतरचा नाही’ हे सांगत नाही. जुना कोट कुणीही वर्षानुवर्षे घालतो. आपल्या घरातले स्वेटर आठवा. म्हणून बारकावे पाहायचे. कोटाला झिप असेल, तर पहिले महायुद्ध बहुधा बाद.

दुसऱ्या महायुद्धातली मेंढीच्या कातड्याची जाकिटे तर सर्रास एकमेकांच्या नावावर खपवली जातात. ब्रिटिशांचे ते ‘अर्व्हिन’. पॅराशूट बनवणाऱ्या लेस्ली अर्व्हिन या अमेरिकनाने इंग्लंडमध्ये कारखाना काढला होता, तिथले. कमरेला बक्कलचा पट्टा, बाह्यांना मनगटापासून वर झिप, खिसे नाहीत. अमेरिकन ‘बी-३’ मध्ये कमरेचा पट्टा नाही, पण कॉलर गळ्याशी आवळायला दोन पट्टे आणि उजव्या बाजूला एक खिसा. एवढे पाहिले तरी पुष्कळ चुका टळतात.

जाकिटातून वायर लोंबत असेल तर तीही निरखून पाहा. ती रेडिओची असू शकते, तशी विजेवर तापणाऱ्या सूटचीही. अमेरिकन बॉम्बर विमानांत उघड्या खिडकीपाशी उभे राहणारे तोफची असे सूट घालत. तरीही हिमदंशाने कित्येक जायबंदी झाले.

आपली माणसेही या फोटोंत आहेत. हरदित सिंग मलिक १९१७ मध्ये पगडीवर बसेल असे खास मोठे हेल्मेट घालून उडत, त्यामुळे ते चटकन ओळखू येतात. १९४० मध्ये ब्रिटनला गेलेल्या २४ भारतीय वैमानिकांपैकी महिंदर सिंग पुजी यांचेही तेच, पगडीवरून ओळखावे. पण मुंबईचे लेफ्टनंट वेलिंकर? ते जून १९१८ मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर मृत्युमुखी पडले. टोपी आणि गॉगल चढवून ते स्क्वाड्रनच्या फोटोत उभे राहिले, तर शेजारच्या इंग्रजापेक्षा वेगळे कसे दिसणार? तिथे कोट फक्त काळ सांगेल. नावासाठी फोटोची मागची बाजू आणि स्क्वाड्रनची दप्तरेच चाळायला हवीत.

रंगांवर मात्र फार विसंबू नये. पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या फोटोच्या काचांवर निळा रंग फिकट उठे आणि तांबडा काळपट. तपकिरी कातडेही त्यामुळे काळे वाटते. आणि सगळ्यात आधी फोटो उलटा तर छापलेला नाही ना, हे तपासावे. पुरुषांच्या कोटाची डावी बाजू वर येते, आणि ब्रिटिश वैमानिकाच्या गणवेशावरचे पंखांचे चिन्ह त्याच्या डाव्या छातीवर असते. ते उजवीकडे दिसले, तर निगेटिव्ह उलटी लागली आहे, आणि बी-३ चा तो खिसाही मग डावीकडे दिसेल.