एक नाव, दोन लिप्या : संगणकातील बिटक्रिया

म्हैसूरच्या रेल्वे स्थानकावर नगराचे नाव कन्नड, नागरी व रोमन अशा तीन लिप्यांत वाचावयास मिळते. १ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृत झालेले ‘मैसूरु’ हे रूप कन्नड आणि नागरी लिप्यांत निरनिराळ्या आकृतींनी लिहिले जाते. उच्चार मात्र एकच. संगणकास ना आकृती दिसते, ना उच्चार ऐकू येतो. त्याच्यापाशी असतात केवळ शून्य आणि एक. मग हे साम्य त्यास कसे उमगावे?

युनिकोड संकेतात प्रत्येक अक्षरास क्रमांक दिलेला आहे. नागरी ‘म’चा क्रमांक २३५०, कन्नड ‘म’चा ३२४६. द्विमान पद्धतीत ते असे दिसतात :

नागरी म : १००१० ०१०१११०
कन्नड म : ११००१ ०१०१११०

शून्य वा एक या प्रत्येक अंकास ‘बिट’ म्हणतात. पहिले पाच बिट लिपी दर्शवितात, उरलेले सात अक्षर. हा योगायोग नव्हे. भारतीय लिप्यांतील समान अक्षरांस समान स्थान देणारी १९८८ च्या ‘इस्की’ संकेताची मांडणीच युनिकोडने स्वीकारली.

आता बिटक्रिया पाहू. ‘अँड’ क्रियेत दोन्ही बिट १ असतील तरच उत्तर १ येते. २३५० ची १२७ शी, म्हणजे सात एकांशी, अशी क्रिया केली की लिपीचे बिट गळून ४६ उरतात. ‘ऑर’ क्रियेत एक जरी बिट १ असला तरी उत्तर १ येते. ४६ व ३२०० यांपासून ३२४६, म्हणजे कन्नड ‘म’, मिळतो. ‘एक्सॉर’ क्रियेत बिट भिन्न असतील तरच १. २३५० ची १४०८ शी ही क्रिया केल्यास ३२४६ येतात. तीच पुन्हा केल्यास २३५० परत मिळतात.

‘मैसूरु’तील तीन अक्षरे व तीन मात्रा याच रीतीने अचूक लिप्यंतरित होतात. ‘बेंगळूरु’ मात्र फसते. कन्नडमध्ये त्यातील ‘ए’ ऱ्हस्व आहे. तिची मात्रा ७० व्या स्थानी, तर मराठीत नित्य वापरली जाणारी मात्रा ७१ व्या. अंतर केवळ शेवटच्या बिटाचे. परंतु तो कोठे पालटावा हे कोणतीही बिटक्रिया सांगत नाही. त्यासाठी शब्दकोशाचा किंवा कन्नड जाणणाऱ्याचाच आधार घ्यावा लागतो. अन्यथा यादीत वा पत्त्यावर नाव चुकीचे उमटते.