पाय फुटणारी पिशवी आणि कापसाची ओटी

गोल्फची पिशवी उभी राहताना एकदा जवळून बघावी. खेळाडू ती खांद्यावरून उतरवतो, बूड जमिनीला टेकवतो, पिशवी जराशी पुढे रेलवतो, आणि तिच्या अंगाला चिकटून बसलेले दोन बारीक पाय झपकन बाहेर येतात. बटण दाबावं लागत नाही, वाकावं लागत नाही. उचलली की पाय पुन्हा मिटलेले.

सगळी करामत बुडात आहे. पिशवीच्या बुडाचा एक भाग बिजागरीवर बसवल्यासारखा थोडा हलतो. त्याला जोडलेली बारीक, लवचीक सळई पिशवीच्या कडेकडेने वर, पाय जिथे अडकवलेले असतात तिथपर्यंत जाते. पिशवी पुढे रेलली की जमीन तो भाग दाबते, सळई वर सरकते आणि पायांना बाहेर ढकलते. पाय उघडायची ताकद पिशवीच्याच वजनातून येते! उचलताच स्प्रिंग पाय आत ओढून घेते. शिवाय टेकू तीनच: एक बूड, दोन पाय. जमीन कितीही उंचसखल असो, तीन दगडांची चूल जशी डुगडुगत नाही तशी ही पिशवीही डुगडुगत नाही.

ही कल्पना जुनी आहे. 1890 च्या दशकात इंग्लंडात ‘ऑटोमॅटन कॅडी’ नावाचं लाकडी पायांचं असं एक साधन विकलं जात होतं. आजचं रूप मात्र अमेरिकेतल्या ‘सन माउंटन’ कंपनीने 1986 मध्ये बाजारात आणलं. पुढे 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला एका खांद्यावरच्या पट्ट्याऐवजी दप्तरासारखे दोन पट्टे आले. मग सळई हलकी झाली, कापड हलकं झालं. आता पायांसकट रिकामी पिशवी दोन किलोच्या आतही मिळते.

एवढा खटाटोप कशासाठी? नियमाप्रमाणे खेळाडूला जास्तीत जास्त 14 काठ्या नेता येतात. अमेरिकेत हा नियम 1938 साली झाला, ब्रिटनमध्ये त्याच्या पुढच्या वर्षी. चौदा काठ्यांचं वजन पाच-सहा किलो भरतं. अठरा खड्ड्यांचा पूर्ण डाव खेळायचा तर ते घेऊन सात-आठ किलोमीटर चालायचं, आणि वाटेत निदान पन्नास वेळा पिशवी खाली ठेवायची, पुन्हा उचलायची. त्या पन्नास उचलण्यांतला त्रास वाचावा म्हणून हे पाय.

आता जवळपास तेवढंच ओझं वाहणारी दुसरी एक पिशवी बघायला जालना जिल्ह्यात येऊ. दसरा-दिवाळीच्या सुमाराला बदनापूर, घनसावंगी, मंठ्याकडे कापूस फुटलेला असतो. दव उडालं की बाया वेचणीला लागतात. कमरेला लुगड्याचं किंवा धोतराचं फडकं बांधून केलेली ओटी, आणि दोन्ही हातांनी बोंडातून कापूस ओढून त्या ओटीत टाकणं. एका बोंडात चार-पाच ग्रॅम कापूस निघतो. म्हणजे एका किलोसाठी दोनशे ते अडीचशे बोंडं, आणि ओटीत पाच किलो जमेपर्यंत हजारावर बोंडांना हात लागलेला असतो. मजुरी बहुधा किलोवर ठरते, त्यामुळे ओटी लवकर रिकामी करायला कुणाला सवड नसते.

वजन गोल्फच्या काठ्यांइतकंच, पण ते लटकतं पोटापुढे. कण्याला ताठ धरणारे स्नायू कण्याच्या मध्यापासून मागे जेमतेम पाच सेंटिमीटरवर असतात. ओटीतल्या कापसाचा भार कण्याच्या पंचवीस सेंटिमीटर पुढे आहे असं धरू. तरफेचा हिशेब शाळेतलाच: पाच किलोचा तोल सांभाळायला त्या स्नायूंना पंचवीस किलोइतकी ओढ लावावी लागते. ही ओढ आणि ओटीचं वजन, दोन्ही मिळून कमरेचे मणके दाबतात. खालची बोंडं वेचायला बाई वाकली की तिच्या धडाचं वजनही पुढे येतं, आणि हा आकडा आणखी चढतो. तेच पाच किलो अंगालगत, कण्याच्या पुढे दहाच सेंटिमीटरवर असते, तर तरफेच्या हिशेबाने दहा किलोची ओढ पुरली असती. एक ग्रॅमही कमी न करता!

भार कुठे ठेवला यावर किती अवलंबून असतं, याचा सगळ्यात थक्क करणारा पुरावा आफ्रिकेतून आला, तोही 1986 मध्येच. केनियातल्या किकुयू आणि लुओ बायांवर झालेला एक अभ्यास ‘नेचर’ या नियतकालिकात छापून आला. लुओ बाया ओझं डोक्यावर घेतात, किकुयू बाया कपाळावरून घेतलेल्या पट्ट्याने पाठीवर; शरीराच्या वजनाच्या वीस टक्क्यांपर्यंतचं ओझं असं घेऊन चालताना त्यांची जास्तीची ऊर्जा खर्चच होत नव्हती. चालताना शरीर लंबकासारखं वरखाली होत असतं, आणि लहानपणापासूनच्या सरावाने त्या बाया या झोक्यातली ऊर्जा वाया जाऊ देत नाहीत, असं पुढच्या अभ्यासात दिसलं. आपल्याकडे संध्याकाळी कापसाचं गाठोडं डोक्यावर घेऊन बांधाबांधाने चालणाऱ्या बायांचा डौल पाहिला की मला हा अभ्यास आठवतो. दिवसभराच्या वेचणीत मात्र डोक्याचा उपयोग नाही, कारण तिथे चालणं थोडं आणि वाकणं फार.

ओटीवर विचार झालाच नाही असं नाही. कृषी विद्यापीठांनी वेचणीसाठी खांद्यावर अडकवायच्या पिशव्या आणि खिशांचे कोट करून पाहिले आहेत. शेतातल्या बाईचे कष्ट कमी करणारी साधनं शोधणं हे परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातही चालतं. पण गोल्फच्या पिशवीला सतत जी माणसं, जो पैसा मिळाला, तो ओटीच्या वाट्याला यायला हवा, असं मला मनापासून वाटतं. कारण हे कोडं त्याहून अवघड आहे, आणि म्हणूनच जास्त सुंदर.

दोन रुंद पट्टे खांद्यावरून घेऊन पाठीवर फुलीसारखे ओलांडले, तर भार दोन्ही बाजूंना वाटला जाईल. कमरेला पट्टा दिला, तर बराच भार कण्याऐवजी थेट कमरेच्या हाडांवर उतरेल. पण पिशवी पाठीवर टाकली, तर हात मागे नेऊन कापूस टाकायचा कसा? तोंड पुढेच हवं, आणि हाताला न बघता सापडेल असं उघडं राहायला हवं. मग पिशवीचं पोट कमरेच्या दोन्ही बाजूंना वाटायचं, म्हणजे कापूस साचेल तसा मागे सरकेल. रिकामी करायला पालथी करायची गरज नको. फळं तोडणाऱ्यांच्या झोळीचं बूड खालून उघडतं, फळं पाटीत अलगद उतरतात. तीच सोय इथे जमेल. पऱ्हाटीच्या काड्या अडकणार नाहीत असे पट्टे हवेत, आणि ते साडीवर घातलेल्या शर्टावरून चढायला हवेत.

यात गोल्फवाल्यांना कधीच न पडलेली एक अट आहे. त्यांची पिशवी नायलॉन-पॉलिस्टरची चालते, ही चालत नाही. खताच्या पोत्याचा किंवा प्लास्टिकच्या सुतळीचा एखादा धागा कापसात गेला, तर जिनिंगमध्ये तो तुकडे होऊन पसरतो, सुतात कातला जातो आणि कापड रंगवताना रंगच घेत नाही. तयार कापडावर पांढरा डाग राहतो. म्हणून हलकी, मजबूत, काट्याकुट्यांत टिकणारी ही पिशवी पट्ट्यांसकट, नाडीसकट, शिलाईच्या दोऱ्यासकट सुतीच हवी, आणि गावातल्या शिंप्याला साध्या मशीनवर शिवता येईल इतकी सोपी.